झाकण सापडले नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार

धातुशोधक यंत्राची मोठी तबकडी आली! पंधरा इंची. जुनी नऊ इंची तिच्यापुढे बशी वाटते. खोक्यातून काढली तर मुकादम म्हणतो, "मॅडम, धातू शोधायचाय की भाकऱ्या थापायच्यात?"

हसले, पण मनात धाकधूक. डांबराचे थरावर थर चढून पाण्याच्या व्हॉल्व्हची लोखंडी झाकणं रस्त्याखाली गडप झाली आहेत. जुन्या तबकडीला वीतभर खालचंही ऐकू येत नाही. नकाशे असून नसल्यासारखे. पुढच्या महिन्यात जुनी लाइन बदलायची, त्याआधी झाकणं सापडलीच पाहिजेत. आणि ती कुठे आहेत हे ठाऊक असलेला एकच माणूस उरला आहे, पंधरा वर्षांपूर्वी आमच्याच खात्यातून निवृत्त झालेला व्हॉल्व्हमन. माझे बाबा.

साहेब म्हणाले, "आणा त्यांना. पाच जागा दाखवू देत. बरोबर निघाल्या तर रोज गाडी पाठवू. पण वय बघा हं त्यांचं — त्र्याहत्तर."

बाबांना सांगितलं. "बघू," म्हणाले. आणि लगेच दाढीचं सामान काढून ठेवलं — परवासाठी!

५ फेब्रुवारी, गुरुवार

बाबा पुढे, मी यंत्र घेऊन मागे. कुठे अडले नाहीत. "छापखान्याच्या दाराच्या रेषेत ये. आता चार पावलं. थांब. इथे." काठी टेकायचे आणि मुकादम तिथे रंगाची फुली मारायचा. छापखाना कधीच गेला, तिथे केस कापायचं दुकान आहे. बाबांना अजून छापखानाच दिसतो.

तबकडी मात्र सुरुवातीपासून किंचाळत होती. पावलागणिक. रस्ताभर खिळे-तारा असणार, म्हणून मी सेन्सिटिव्हिटीचं बटण खाली खाली आणत गेले. शेवटी गप्प बसली. मग पाचही जागांवर फिरवली.

काही नाही. एकाही जागी नाही.

यंत्र वाजेल तिथेच रस्ता फोडायचा असा नियम, त्यामुळे खोदून बघायचा प्रश्नच नव्हता. तक्त्यावर पाच वेळा लिहिलं — झाकण सापडले नाही. मुकादम हळूच म्हणाला, "दोन ठिकाणी 'शंका आहे' तरी लिहा मॅडम. आपले नाना आहेत ते, तुमचे वडील."

नाही लिहिलं. परक्या माणसासाठी लिहिलं असतं का? नसतं. मग वडिलांसाठी का? पण एक विचार पाठ सोडत नाही. परक्यासाठी निदान दुसऱ्यांदा फिरवून बघितलं असतं का? वशिला दिसू नये म्हणून मी घाई तर नाही ना केली?

बाबांनी माझ्या खांद्यावरून तक्ता वाचला. "बरं," म्हणाले. एवढंच.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांनी तक्ता बघितला. "मनाला लावून घेऊ नका. वयच आहे." गाडी रद्द.

९ फेब्रुवारी, सोमवार

बाबा दूध आणायला निघाले आणि दारात थांबून विचारलं, "डावीकडेच ना गं दुकान?" तीस वर्षं जातात त्या दुकानात! परत आल्यावर गॅसचं बटण तीनदा तपासलं. स्वतःच्याच हाताकडे संशयानं बघत होते.

मग भाजी निवडता निवडता, मान वर न करता — "चिमणे, माझं डोकं जागेवर आहे ना?"

मी चव्वेचाळीस वर्षांची. साइटवर बाप्यांना झापते. पण "आहे हो, बाबा" एवढंही धडपणे म्हणता आलं नाही. मीच लिहून दिलं होतं ना. पाच वेळा.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज बाबांनी दाढी केली नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आधी हे लिहून काढते.

यंत्र पुसायला घरी आणलं होतं (वहीत नोंद करून). नवऱ्याला चेव आला. "बघू तरी, बायकोनं सोनं कुठे दडवलंय!" कपाट झालं, पलंग झाला, दाराशी गेला आणि तबकडी अशी किंचाळली की बाबा आतून "काय झालं?" म्हणून ओरडले.

नवरा म्हणाला, "अगं, तुझे बूट बोंब मारतायत!"

साइटचे बूट. पुढे पोलादी टोपी असलेले.

लहान तबकडीच्या टप्प्यात ते येत नसत. मोठीला हातभर अंतरावरचंही ऐकू येतं. गुरुवारी ती पावलागणिक माझेच पाय ऐकत होती! आणि मी तिला गप्प करत गेले, इतकी की खालचं लोखंडही तिला ऐकू येईना. मुकादम चपलांत, बाबा कापडी बुटांत. पोलाद फक्त माझ्या पायांत. साइटवर हे बूट सक्तीचे, हा आदेश मीच काढलेला. आणि तो पाळणारी मी एकटीच!

नवरा पोट धरून हसत होता. माझं तोंड बघून थांबला. "आत्ताच्या आत्ता सांग त्यांना."

नाही सांगितलं. सोमवारी पुन्हा फिरवलं आणि तरीही वाजलं नाही, तर? एकदा उमेद देऊन परत काढून घ्यायची? आधी खात्री करते. का हा नुसता भित्रेपणा? ठरवता येत नाही. बाबा पलीकडच्या खोलीत पेपर वाचतायत. पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कापडी बूट घातले. मुकादमाला सगळं सांगितलं. त्यानं शहाण्या माणसासारखं यंत्र माझ्या हातात दिलं.

पहिलीच जागा — असा खणखणीत आवाज की केस कापणारा कात्री घेऊन बाहेर आला! खोदलं. हातभर खाली झाकण, गंजलेलं पण शाबूत. बाबांनी काठी टेकली होती त्याच्या बरोबर खाली. दुसरी जागा वाजली. तिसरी. चौथी. मुकादम तर नाचायचाच बाकी होता.

पाचवी नाही वाजली. टाकीच्या भिंतीजवळचं वळण. आडवी फिरवली, उभी फिरवली, सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर. अर्धा तास. शांत.

मुकादम म्हणाला, "चार आली ना? पाचवंही आलं म्हणा. कोण उकरून बघतंय?"

पेन हातात तसंच राहिलं. मला ते द्यायचं होतं त्यांना! पाचपैकी पाच. त्या अकरा दिवसांची भरपाई म्हणून. लिहिलं — झाकण सापडले नाही.

साहेब म्हणाले चार पुरे, उद्यापासून गाडी. चूक माझी होती हे त्यांना लेखी दिलं.

घरी येऊन बाबांसमोर बसले. बूट, बटण, सगळं सांगितलं. माफी मागितली. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. "चावतात का गं ते बूट? टाचेला पट्टी दिसतेय." मला रडूच आलं.

मग म्हणाले, "आणि पाचवं?"

"नाही सापडलं, बाबा."

"नीट बघितलंस?"

"अर्धा तास. नाहीच तिथे."

"बरं." उठले आणि दाढी करायला गेले. संध्याकाळी सहा वाजता!

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज गाडीत बाबा म्हणाले, "पाचव्या जागी झाकण नव्हतंच कधी. नव्या माणसाला आम्ही एक रिकामी जागा दाखवायचो. मोठ्यांच्या भिडेनं 'आहे' म्हणतो का ते बघायला. पण त्या दिवशी सगळ्याच रिकाम्या निघाल्या, आणि मला वाटलं, आता मला भरलेली कुठली न् रिकामी कुठली, हेही कळेनासं झालं." मग पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाले, "हळू घे रे. हिला अजून दोनशे दाखवायचीत."