लेझरचा एकविसावा दिवस

स्वप्नाली,

शाळेतून आलीस की मला हुडकत फिरू नको, मी मागं गिरणीत हाय. दूध तापवून झाकून ठेवलंय. कानात लाल उजेड सोडायचं तू आणलेलं लेझरचं यंत्र डब्यात घातलंय, आता लागणार न्हाई. दुपारी एकविसावा दिवस भरला आन् कानातली शिट्टी गेली. लई वर्षांनी पंख्याची कुरकुर ऐकली.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. गिरणीच्या घरघरीत हाक ऐकू येत न्हवती, म्हणून तुझी माय मला जेवायला बोलवायला देवघरातली घंटी वाजवायची. ती देवघरात पडली आन् गेली, त्या दिवशीबी घंटी वाजलती, लई वेळ वाजलती. मला वाटलं, कानच वाजतोय. ज्वारीचा डबा पुरा दळला, मग घरी आलो. तुला, डॉक्टरला, सगळ्यांना सांगितलं, मला काही ऐकूच आलं न्हाई.

तवाच मी घंटीच्या लोलकाला फडकं बांधलं आन् गिरणी बंद केली. आज कान गप झाला, तर घंटी वाजायला लागली. देवघरात जाऊन बघितलं, गाठ हाय तशी होती.

म्हणून हितं येऊन बसलोय. मशीन बंदच हाय, दार उघडं ठेवलंय. फडकं मी सोडलंय. जेवायच्या वेळी फोन करू नको, घंटी वाजव. पहिल्याच टोल्याला येतो.

अण्णा