वीरचक्र सोडून बाकी सारं

काल, ४ सप्टेंबरला, ठाण्याच्या सैनिक कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी आमच्या फादरांसमोर सांगितलं, की गावच्या कपेलीत, म्हणजे आमच्या छोट्या चर्चमध्ये, सापडलेलं वीरचक्र माझंच आहे. त्यावर कोरलेलं नाव आणि क्रमांक त्यांनी नोंदींशी ताडून पाहिले. म्हणून मी, फ्रेडरिक पास्कोल तुस्कानो, निवृत्त हवालदार, वय ६१, राहणार आगाशीजवळ, जुनं मृत्युपत्र रद्द करून हे नवं लिहीत आहे. कुणाचा दबाव नाही. डोकं ठिकाणावर आहे. माझी पत्नी लुसी त्याबद्दल शंका घेते ती फक्त जेवताना.

घर लुसीचं, तिच्यामागे ॲलिस्टर आणि नॅन्सी या मुलांचं, समान. केळीची बाग नॅन्सीला, कारण राबते तीच. बागेतलं तळं, आमचं बावखल, दोघांचं सामाईक. ते बुजवून इमारत बांधायची नाही. त्यातच मी पोहायला शिकलो, म्हणून एकाहत्तरच्या लढाईत कमरेला दोर बांधून, वरून गोळ्या येत असताना, नदी पार करू शकलो. तो दोर धरून आमची तुकडी पलीकडे गेली आणि ठाणं घेतलं. पदक त्याचंच.

ते आईच्या हाती देऊन मी पलटणीत परतलो. पुढच्या सुट्टीआधी ती वारली आणि पदक घरात सापडेना. शेजारच्या आल्बर्टने गावभर केलं, "फ्रेडरिकने चांदी मोडली आणि प्याला." तीस वर्षं मी ते ऐकलं.

गेल्या आठवड्यात, सणाच्या तयारीत, कपेलीची देखभाल करणाऱ्या रोझलिनने तिथल्या माऊलीच्या मूर्तीच्या मखमली झग्याचं जुनं अस्तर उसवलं. आत पदक शिवलेलं होतं. मी जिवंत आलो म्हणून आईने तो झगा नवसाने शिवला होता. नवसात काय दिलं ते बोलायचं नाही, ही आमच्या बायकांची रीत. तिने ती पाळली.

म्हणजे दर सणाला पदक मिरवणुकीत होतंच. मूर्तीच्या पालखीचा पुढचा दांडा धरायचा मान आल्बर्टच्या घराण्याचा. काल संध्याकाळी तो दारात येऊन थांबला.

"फ्रेडरिक, इतकी वर्षं माझ्याच खांद्यावर होतं रे ते."

"तरीच तुझा खांदा दुखायचा," लुसी आतून म्हणाली. "आत ये, चहा टाकलाय."

"गावासमोर माफी मागतो," तो म्हणाला.

"माफी राहू दे," मी म्हणालो. "मृत्युपत्राला साक्षीदार हवाय. उद्या येऊन सही कर."

ॲलिस्टरने नायगावहून फोनवर विचारलं, "डॅडी, मेडल मला ना? हॉलमध्ये फ्रेम करून लावतो." नाही, बाळा. फादर ते परत देत होते, मीच घेतलं नाही. आईने माऊलीला दिलेलं मी कुणाच्या नावे कसं करू? तुला माझा गणवेश. त्यावरची पदकाची जागा रिकामीच ठेव, आणि कुणी विचारलं तर त्याला सणाला घेऊन ये.

येत्या रविवारी, ८ तारखेला, माऊलीचा सण आहे. यंदा पदक अस्तरात नसेल. झग्यावर, छातीशी, साऱ्यांना दिसेल असं असेल. पुढचा एक दांडा आल्बर्ट धरेल. त्याच्या बरोबरीचा दांडा फादरांनी मला दिला आहे.

सही: फ्रेडरिक पास्कोल तुस्कानो

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार:
१. आल्बर्ट जुजे लोपीस, शेजारी
२. डॉ. युजीन डाबरे

आगाशी, ता. वसई
५ सप्टेंबर २००२