उकळलेल्या एन्झाइमचा उंचवटा

प्रिय मिग्ले,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. झारासाईला तुझ्या आईकडे टपाल रखडत येतं, पण येतं तरी. इथे विल्न्यूसमध्ये थंडी अजून हटत नाही आणि आपल्या प्रयोगशाळेच्या मजल्यावरचं गरम पाणी पुन्हा बंद आहे. मी दमलेय गं. जिने चढून दमते ते वेगळं, हे आतून दमणं आहे. झेनोनास तळ्याकाठचं घर झाडूनपुसून तयार ठेवून बसलाय. जूनमध्ये मी निवृत्त झाले की आम्ही दोघं नवरा-बायको तिथेच राहायचं, असं त्याचं ठरलेलं. माझंही होतं.

तुझा तो पहिला आलेख माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आमची सगळी हयात एकाच अडचणीत गेली. आपलं एन्झाइम साखरेतून इलेक्ट्रॉन काढून घेतं, पण ठेवतं पोटात खोल, बाहेरच्या इलेक्ट्रोडपर्यंत ते पोचतच नाहीत. म्हणून मध्ये एखादा निरोप्या रेणू घालायचा आणि त्याच्याकरवी ते बाहेर आणायचे. आणि तू कार्बनच्या बारीक नळ्यांवर एन्झाइम बसवलंस आणि म्हणालीस, "बाई, मधला माणूस नको आता, हे थेट हातात देतंय." आलेखावर इलेक्ट्रॉन थेट येत असल्याचा उंचवटा होता, अगदी स्वच्छ. मला इतका आनंद झाला की मजल्यावरच्या सगळ्यांना मी कॉफी पाजली.

शनिवारी माझ्याकडे पडून असलेल्या तुझ्या प्रबंधावर सही करायला बसले आणि सवयीने आधी तुझा प्रयोग पुन्हा लावला. नायट्रोजन सोडून पाण्यातला ऑक्सिजन घालवला, मग साखर घातली. एन्झाइम खरंच थेट देत असतं तर साखर मिळताच प्रवाह चढायला हवा होता. रेघ हलली नाही. म्हणजे साखर घातल्यावर तुला दिसलेला फरक पाण्यातल्या ऑक्सिजनचा होता. मग मी एन्झाइम उकळलं, पुरतं मारलं आणि तेच नळ्यांवर बसवलं. उंचवटा जसाच्या तसा. मेलेल्या एन्झाइममधून त्याचा पिवळा तुकडा सुटतो, नळ्यांना चिकटतो आणि एकटाच इलेक्ट्रॉन देत-घेत बसतो. साखरेशी त्याला काही कर्तव्य नाही. घरी पोचले तर झेनोनास म्हणाला, "एन्झाइम उकळायला वेळ आहे, बटाटे उकळायला नाही." मी हसले नाही तेव्हा त्यानेच बटाटे लावले.

तुझ्यावर रागावले, रविवारभर रागावले. मग आठवलं, तुझ्या अंतिम परीक्षेनंतरच्या पार्टीसाठी मी तो झाडासारखा उंच शाकोटिस केक सांगायला निघाले होते, तेव्हा तू म्हणाली होतीस, "इतक्यात नको बाई, घाई काय आहे?" आपल्याकडे तो महिनाभर आधी सांगतात. सगळे तुला हसले, पोरगी नजर लागेल म्हणून घाबरते म्हणाले. मीही हसले. तू तेव्हाच उकळून पाहिलं होतंस ना? मी जूनकडे डोळे लावून बसलेली तुला दिसत होते, म्हणून तू काही बोलली नाहीस. खोटा प्रबंध परीक्षेला न्यायचा नाही आणि बाईंची सुट्टीही मोडायची नाही, म्हणून चार वर्षांचं काम सोडून गावी जाऊन बसलीस. तिथल्या शाळेत नोकरीसाठी विचारून आलीस, हे तुझ्या आईकडून कळलं. वेडी कुठली.

प्रबंधावर मी सही करणार नाही. आणि निवृत्तीचा अर्ज आज सकाळी मागे घेतला, एका वर्षासाठी. झेनोनासला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तळं काही पळून जात नाही. पण तिला सांग, वर्ष म्हणजे वर्षच." हा उंचवटा फसवा का असतो, हे दाखवणारा प्रबंधही प्रबंधच असतो, आणि जगात ठिकठिकाणी लोक याच उंचवट्याला फसताहेत. ते काम माझ्याच्याने एकटीने होणार नाही, माझे हात आता कापतात. शाळेला नाही म्हणून कळव आणि ये.

तुझीच, दमलेली पण अजून इथेच असलेली,
आउद्रोने