बारा विटांचं फाटक

दि. ७ मार्च, शनिवार

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे ठीक. तूही खुशाल असशील असं मीच समजून घेते, कारण कळवायचं तर तू पाच वर्षांपूर्वीच सोडलंस. पत्र मात्र शेवटपर्यंत वाच. काम आहे.

आम्ही परसात एक तयार शेड मागवलीय. भिंती, छप्पर, दार सगळं जोडून अख्खीच्या अख्खी ट्रकवर घालून आणतात आणि जागेवर उतरवून जातात. आपण फक्त जागा तयार ठेवायची. हे ‘फक्त’ ज्यानं लिहिलं, त्याला एकदा आठवडाभर आपल्या घरी राहायला बोलवायला हवं.

कल्पना माझीच. बाबांचं सामान, म्हणजे फळ्या, घमेली, दोऱ्या, पहारी, चाळीस वर्षांच्या गवंडीकामातली एकूण एक थापी, हे सगळं मागच्या खोलीत कोंबलंय. दार उघडलं की आधी एक घमेलं पायावर पडतं आणि मग उरलेलं दिसतं. म्हटलं, सामान शेडमध्ये जाईल आणि खोली मोकळी होईल. साधी गोष्ट होती.

कंपनीनं एक फॉर्म पाठवला. जागा सपाट हवी, खाली चार इंच खडी हवी, वर फांद्या किंवा तारा नकोत, आणि आत यायला नऊ फूट वाट हवी. मी बाबांना विचारलं, आपलं फाटक केवढं. न बघता म्हणाले, बारा विटा. आपल्या घरात कुणी कधी फूट-इंचात बोललंय? तुझ्या पाळण्याची लांबीसुद्धा आईनं विटांत सांगितली असेल. मी नऊ इंची वीट धरून गुणाकार केला, नऊ फूट लिहिलं आणि फॉर्म धाडून दिला. तुझ्या भावोजींनी परवा टेप लावली तर आठ. फाटकाच्या वेळच्या विटा भट्टीवरून आलेल्या जुन्या, आठ इंची होत्या म्हणे. हे बाबांना ठाऊक होतं. मग सांगितलं का नाही, तर मी विचारलंच नाही.

त्यात गेल्या वर्षी बाबांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्यांना सगळं दिसतं, आणि आमची पंचाईत तीच आहे. खडीचा थर तीनदा काढून तीनदा घातला. पाणसळ ठेवायची, तिच्यातला बुडबुडा केसभर हलला की बोट उगारायचं, पुन्हा उकरा. भावोजी दोन दिवस खडी ठोकायला धुमस मारून मारून आता चमचा धरतानाही कण्हतात. म्हणतात, शेड आली की सामान राहू दे, मलाच तिथं हलवा. शेजारच्या काकूंना फांद्या छाटायचं विचारलं तर त्यांनी झाडाचं जन्मापासूनचं चरित्र ऐकवलं आणि मग हो म्हणाल्या.

पण फाटकाचं काय? कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. त्यानं एकच उपाय सांगितला. मागच्या गल्लीकडची भिंत दहा फूट उघडायची, तिथून शेड आत घ्यायची आणि मग भिंत पुन्हा बांधायची. नाहीतर एकोणीस तारखेला ट्रक आला तसा परत जाईल.

मागची भिंत म्हणजे कुठली, ते तुला सांगायला नको.

मी काल एका गवंड्याला बोलावलं. बाबांची दुपारची झोप होती, म्हटलं उठायच्या आत निदान सुरुवात होऊ दे. गवंड्यानं पहार टेकवली, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, बाई, इतकी सरळ भिंत पाडायला जिवावर येतं. मागे बाबा उभे होते. कधी आले कळलंच नाही. आत गेले, दोरीला लट्टू बांधलेला आपला ओळंबा घेऊन आले आणि भिंतीला लावला. एका जागी नाही, चार जागी लावला. चारही ठिकाणी लट्टू भिंतीला नुसता टेकून राहिला, कुठं केसभर फट नाही.

मग माझ्याकडे वळले. म्हणाले, “त्या दिवशी मी तुला बघायला सांगितलं होतं. तुला काय दिसलं होतं?”

धाकट्या, मी दोन पानं फाटकाचं रडगाणं गात बसलेय ती हे लिहायला लागू नये म्हणून. आता लिहिते.

पाच वर्षांपूर्वी त्या दिवशी चार मजुरांसमोर बाबांनी तू बांधलेली हीच भिंत बाहेर गेलीय म्हणून सांगितलं. तू नाही म्हणालास. त्यांनी मला खाली वाकून बघायला लावलं, बोटभर अंतर आहे की नाही. मी बघितलं. अंतर नव्हतं. लट्टू टेकलेला होता. आणि मी म्हटलं, आहे बाबा.

त्यांना नीट दिसत नाही हे तेव्हा मला एकटीला ठाऊक होतं. चहाचा कप ठेवताना ते टेबल चाचपायचे. मजुरांसमोर ते उघडं पडलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून त्यांना काम कुणी दिलं असतं? मी त्यांची अब्रू राखली आणि त्यासाठी तुझी घालवली. वाटलं, तू तरुण आहेस, चिडशील आणि संध्याकाळी जेवायला येशील. तू थापी तिथंच टाकलीस आणि गेलास. मग दर वर्षी वाटायचं की आता सांगावं, आणि दर वर्षी ते जास्त अवघड होत गेलं. मला लाज वाटते, धाकट्या. तुझी मागच्या खोलीतली खाट घमेल्यांखाली गाडली गेलीय, ती मोकळी करायची म्हणून शेडचा हा सगळा खटाटोप मी मांडला. खरं बोलण्यापेक्षा मला शेड सोपी वाटली.

मी बाबांना सांगितलं, तुमचा ओळंबा बरोबर होता, भिंत बरोबर होती, मी खोटं बोलले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ओळंबा गुंडाळला आणि गवंड्याला चहा देऊन परत पाठवलं. मला म्हणाले, “त्याला लिही. माझ्या नावानं नको, तू काय केलंस ते लिही. माझं मी तो आला की बोलेन. भिंत उघडायची तर त्यानंच उघडावी आणि बांधायची तर त्यानंच.”

तर एकोणीस तारखेला ट्रक येईल. तू नाही आलास तर तो परत जाईल, आणि बाबा एक वीट हलवू देणार नाहीत. शेड गेली तरी चालेल, मी घमेली पायावर पाडून घेत राहीन. तू ये. तुला मला जे बोलायचं असेल ते चार माणसांसमोर बोल, मजूर बोलवायचे असतील तर तेही बोलावते.

तुझी थापी मी धुऊन, तेल लावून ठेवलीय.

वाकून खरं बघितलेली आणि खोटं बोललेली,
तुझी ताई