आपला एक बाण

५ जून

चि. टिकलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुझी आई विचारते आहे. अगं, जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, फोनवर माझं अक्षर कसं दिसणार?

तू परगावी खोलीत बसून आपल्या घरच्या संगणकावर इमारतींचे नकाशे काढतेस, हे मला अजून खरं वाटत नाही. सकाळी मी पडद्यावर अक्षरं गिरवत बसतो आणि मध्येच बाण आपोआप चालायला लागतो. मी लगेच माउसवरचा हात काढून घेतो आणि पोर कामाला आली म्हणून आईला ओरडून सांगतो. ती म्हणते, बाणाला चहा विचारा आता.

तुझ्या बालवाडीच्या नकाशातली अक्षरं मात्र बघवेनात. मुंग्या बऱ्या! काल तुझं काम झाल्यावर ‘जिना’, ‘मुख्य दरवाजा’, सगळं झोकदार करून ठेवलं आहे. आभार मानू नकोस.

तुझे बाबा

११ जून

ती. बाबांस सा. न. वि. वि.

आभार कसले, बाबा! साहेबांनी सगळ्यांसमोर नकाशा पसरला, तर ‘जिना’ची वेलांटी एवढी मोठी की खरा जिनाच तिच्याखाली गडप. हे लग्नाचं आमंत्रण आहे का, असं त्यांनी विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या नावावरचं हे पहिलं काम. शुक्रवारपर्यंत नवा नकाशा दिला नाही तर ते दुसऱ्याकडे जाईल.

रागावले आहे, पण थोडीच. मामेबहिणीला पाठवते आहे. ती एकाच संगणकात आपल्या दोघांच्या वेगळ्या जागा करून देईल. एकाच वेळी तुम्ही तिथून काम करायचं, मी इथून. तुमचा पडदा तुमचा, माझा माझा, कुणी कुणाला दिसणार नाही. तुम्हालाही सारखा हात आखडायला नको.

आईला नमस्कार.

आपली टिकली

१६ जून

चि. टिकलीस आशीर्वाद.

हाताची सवय नडली, दुसरं काय. मामेबहीण येऊन सगळं करून गेली. आता मध्ये कुणी येत नाही, सकाळभर काम होतं. चांगली सोय झाली. इकडे सर्व ठीक.

बाबा

१८ जून

चि. टिकलीस आईचे आशीर्वाद.

हे काही लिहायचे नाहीत, म्हणून मी लिहिते. सोय कसली डोंबलाची! सकाळी संगणक लावतात आणि माउसवरून हात काढून नुसते बघत बसतात. तुझं काम सुरू झालं की संगणकाच्या पेटीतला पंखा जोरात घरघरतो, तेवढ्यावर समाधान. काल पेटीवर हात ठेवून मला म्हणाले, आली वाटतं.

खरं सांगू? त्या मेल्या बाणाची मलाही सवय झाली होती.

आई

२४ जून

ती. आईबाबांस सा. न. वि. वि.

नकाशा पास झाला! मुंग्यांसकट. काम माझ्याकडेच राहिलं.

बाबा, मलाही इथे करमत नाही हो. तुम्ही अक्षरं गिरवताना बाण मध्येच थबकला की चष्मा पुसता आहात, हे मला इथे कळायचं. आता नुसता माझाच बाण, मी नेईन तिकडे जाणारा.

तर ऐका. बालवाडीच्या दारावर पाटी हवी आहे. ती कोण काढणार, असं साहेबांनी विचारलं. माझ्या ओळखीत एक माणूस आहे, वेलांट्या आवरल्या तर बरं काम करतो, असं मी सांगितलं. इतर कामाला आपापल्या जागा आहेतच. पाटीपुरतं रोज सकाळी थोडा वेळ पूर्वीसारखं, एकच पडदा, एकच बाण. मामेबहिणीने तशी सोय करून दिली आहे. नकाशाला मात्र हात लावायचा नाही!

लोभ आहेच, पण वेलांटीसारखा भलता वाढवू नये.

आपली टिकली

२९ जून

चि. टिकलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल सकाळी बाण हलला आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सवयीने हात काढून घेतला. बाण तिथेच थांबला. म्हटलं, तू विचार करत असशील. मग आईने तुला फोन लावला तेव्हा कळलं, तूही तिकडे हात काढून बसली आहेस. मी तुझी वाट बघतोय, तू माझी, आणि पाटी कोरी.

शेवटी आई हात पुसत आली, मला बाजूला सारलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढून निघून गेली. जन्मात पहिल्यांदा तिने माउस धरला. रेघ चांगलीच वाकडी आहे. मी तिच्याखाली अक्षरं लावली आहेत, तीही थोडी कलली आहेत.

तू सरळ करायला जाशील. हात लावू नकोस.

तुझे बाबा