चार बोटं आणि एक अंगठा

३ ऑगस्ट २०२५, रविवार

बेल्जियमच! ठरलं. म्हणजे जवळजवळ ठरलं.

काल धुळ्याला अभिमन शेठच्या दुकानात तीन तास बसलो. परवान्याच्या हत्यारांचं दुकान. गेली पाच वर्षं मी तिथे नुसता बघायला जातो आणि चहा पिऊन येतो. शेठ काल म्हणाले, "भूपेंद्रभाऊ, यंदा तरी घ्या. चहाचं दूध महाग झालं."

तीन पिस्तुलं काढली त्यांनी. तिन्ही सेमी-ऑटोमॅटिक, तिन्ही .३२ बोअरची, तिन्ही माझ्याहून म्हातारी. एक इंग्रज, एक जर्मन, एक बेल्जियन. आता अशी बाहेरून येत नाहीत. जी आहेत तीच एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरतात. मला गोळ्या झाडायच्या नाहीत. तीस वर्षं आयटीआयमध्ये पोरांना टर्निंग शिकवलं, मला पाहायचंय की शंभर वर्षांपूर्वी कुणाचा हात किती साफ चालायचा.

अडचण एकच. परवान्यावर हत्यारं दोनच ठेवता येतात. शेतातल्या डुकरांसाठी घेतलेली बाराबोअर हे एक. उरली एक जागा. आणि तिथे आबांचं, म्हणजे वडिलांचं, पिस्तूल आडवं येतंय. आबा फाल्गुनात गेले, तेव्हापासून ते अभिमन शेठच्याच तिजोरीत जमा आहे. ते आधी विकायचं, मग बेल्जियन. विकायला वारसांची 'ना हरकत' लागते. वारस दोनच, मी आणि थोरली बहीण अक्का. अक्काचा काय प्रश्न! राखीला जातोच आहे साक्रीकडे.

५ ऑगस्ट

इंग्रज पिस्तुलाची मूठ फार चौकोनी. वीट धरल्यासारखी वाटते.

७ ऑगस्ट

वहीत तक्ता केला. इंग्रज: घोडा बाहेर, दिसायला रांगडं, बर्मिंगहॅमचा शिक्का अजून कडक. पण अंगानं जड. जर्मन: काय फिनिश आहे! तासलेल्या कडेवरून नख फिरवलं तर अडकत नाही. पण मुठीच्या पट्ट्या कुणीतरी बदलल्यात, आणि मॅगझिन दुसऱ्याच पिस्तुलाचं. बेल्जियन: सडपातळ, गोल नळी, घोडा आत लपलेला. नंबर तीन ठिकाणी आणि तिन्ही ठिकाणी तोच. जन्मापासून एकत्र नांदलेलं. संग्रहाला ठेवायचं तर असंच ठेवावं.

हेमांगीनं खांद्यावरून तक्ता वाचला. म्हणाली, "मला पाहायला आलात तेव्हा पंधरा मिनिटांत होकार दिलात. नंबर जुळतात का ते पाहिलं नव्हतं."

मी म्हटलं, तेव्हा पर्याय नव्हते.

दुपारचा चहा मिळाला नाही.

९ ऑगस्ट, राखी

साक्रीच्या पुढे अक्काचं गाव. मुलाकडे असते ती. हेमांगी आणि मी पोचलो तर ओट्यावर उभी, हातात ताट. त्रेसष्ट वर्षांची झाली, पण मला पाहिलं की पहिलं वाक्य अजून तेच, "वाळी गया रे!" मी वाळलेलो नाही. वजन त्र्याऐंशी किलो आहे.

राखी बांधली. पेढा कोंबला. जेवण झाल्यावर मी पिशवीतून 'ना हरकत'चा कागद काढला. तिला नेलेल्या साडीच्या घडीखालीच ठेवला होता, आता लिहिताना त्याचीच लाज वाटतेय.

समजावून सांगितलं. आबांच्या पिस्तुलाला ना कंपनीचं नाव, ना रूप. परवान्यावर झुलाल पाटील या नावापुढे नुसतं 'पिस्तूल .३२, विदेशी' आणि नंबर. मुठीला गावच्या सुतारानं शिसवाच्या पट्ट्या ठोकल्यात. वर तेलाचा आणि कुंकवाचा इंचभर थर. ते काय ठेवायचं? तू इथे सही कर फक्त.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पिस्तूल गयं ते दसराले मी कोठे येसू, भाऊ?"

दसऱ्याला अक्का दर वर्षी आबांकडे यायची. दिवाळीला एखाद्या वर्षी नाही, आखाजीला नाही, पण दसरा चुकला नाही. शस्त्रपूजा तिची. आता आबा नाहीत, गावातलं घर शाळेच्या मास्तरांना भाड्यानं दिलं. माहेर म्हणून तिचं काय उरलं, तर शेठच्या तिजोरीतलं ते धूड. हे मला आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा मी काय म्हणालो? "आमच्याकडे ये की जळगावला, पिंप्राळ्याला! नवीन पिस्तुलाची पूजा कर. त्यापेक्षा भारी आहे."

तिनं कागद घडी करून कमरेला खोचला. "ठेव आठे. वाचीसन देखसू."

निघताना हेमांगीच्या हातात नागलीच्या पापडांची पिशवी दिली. दोघी बराच वेळ गोठ्याशी कुजबुजत उभ्या होत्या. मी गाडीत हॉर्न वाजवत बसलो.

१० ऑगस्ट

चिडलोय. सहीला काय लागतं? अर्धा मिनिट! मी तिचा लहान भाऊ. तिच्या मुलाच्या लग्नात आठ दिवस मांडव सांभाळला मी. आणि साधा एक कागद अडवून बसली.

हेमांगीला म्हटलं, उद्या फोन करतो. ती म्हणाली, "करू नका. दसरा होऊ द्या." जणू हिच्याच पदरात कागद आहे अशी निवांत. नणंदेचा पक्ष घेतेय. बायकांचं आतून सगळं ठरलेलं असतं.

१६ ऑगस्ट

शेठचा फोन. नाशिकचं कुणी बेल्जियन पाहून गेलं. "तुमच्यासाठी दसऱ्यापर्यंत थांबतो." पापड भाजले. चांगले होते. तरी राग गेला नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

सविस्तर लिहितो.

धुळ्याला गेलो होतो. शेठना म्हटलं, आबांचं काढा बाहेर, कोण घेईल याचा अंदाज तरी येऊ द्या. त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं काढलं. फाल्गुनात जमा करताना त्यांनी फक्त नंबर ताडून पाहिला होता. डाव्या बाजूला कुंकू, खोबरेल आणि धूळ यांची लगदी, वाळून कातडीसारखी झालेली. शेठनी पातळ तेल सोडलं, दहा मिनिटं थांबले, आणि मऊ फडक्यानं हळूहळू पुसू लागले.

खाली अक्षरं होती. बारीक, रोमन, एका ओळीत. शेठनी भिंग लावलं. मग बेल्जियन पिस्तूल काढून शेजारी ठेवलं.

तीच ओळ. तोच कारखाना. तेच मॉडेल. शिसवाच्या पट्ट्या सोडल्या तर जुळे भाऊ! पाच वर्षं मी बेल्जियन बेल्जियन करत धुळ्याच्या चकरा मारतोय, आणि ते आमच्या घरात माझ्या पाळण्याच्या वर टांगलेलं होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा. आबांना विचारलं असतं तर! पण आबांनाही माहीत नसणार. ते त्याला 'आपलं यंत्र' म्हणायचे.

मी खूश झालो, पण शेठचं तोंड उतरलेलं. त्यांनी पिस्तूल उजेडात तिरकं धरलं. अक्षरांवरच चार खड्डे. ओळीनं. पोलादाचा निळसर रंग गेलेला, खाली खरबरीत खाल्लेलं. उलट बाजूला एक, जरा मोठा.

"ओलं कुंकू," शेठ म्हणाले. "वर्षानुवर्षं त्याच जागी लावलं आणि पुसलं नाही. संग्रहवाला आता याला हात लावणार नाही. हवं तर घासून, नवा रंग चढवून देतो. खड्डे जातील. अक्षरं थोडी पुसट होतील."

मी म्हटलं, व्हर्नियर आहे का?

का मागितला ते सांगता येणार नाही. सवय. दोन खड्ड्यांमधलं अंतर मोजलं. बारा मिलिमीटर. मग साडेबारा. मग पुन्हा बारा. माझी बोटं वर ठेवून पाहिली. बसेनात. शेठची बसेनात. दुकानातल्या मुनीमबाईंची पण बसली नाहीत.

ते मोठ्या माणसाच्या हाताचं माप नाही.

२४ ऑगस्ट

आई गेली तेव्हा अक्का अकरा वर्षांची आणि मी सहा. त्याच वर्षी दसऱ्याला आबा ओट्यावर नुसते बसून होते. पूजेचं सगळं आई करायची. अक्कानंच पाट मांडला. विळा, पाभर, आबांचं पिस्तूल. झेंडू वाहिले. वाटीत कुंकू कालवलं, सैल झालं होतं जरा, त्यात बोटं बुडवली आणि पिस्तूल मुठीत धरल्यासारखं करून दाबलं. चार बोटं इकडे, अंगठा तिकडे. मला आठवतंय, तिच्या मनगटावरून ओघळ कोपरापर्यंत आला होता आणि ती घाबरून आबांकडे बघत होती.

आणि मी त्याला 'लगदी' म्हणालो. वर इंचभर थर म्हणालो तिला, तिच्या तोंडावर!

२५ ऑगस्ट

फोन केला. हेमांगी म्हणाली होती करू नका. केला.

विचारलं, अक्का, दर वर्षी त्याच जागी बोटं कशी लावायचीस? हात तर मोठा झाला ना?

हसली. म्हणाली, बोटं गोळा करून घ्यायची जवळजवळ. आणि मग सांगितलं ते असं. लग्नाच्या वर्षी तिनं ते घासून लख्ख करायला घेतलं होतं, राखुंडी लावून. आबांनी हातातून काढून घेतलं. "आबा म्हनेत, ऱ्हाऊ दे. तू जाशी, तुना हात ते घरमा ऱ्हाई."

तिला वाटलं रेंज गेली. "हॅलो, हॅलो" करत राहिली आणि ठेवून दिला.

आबा आयुष्यात कुणाशी एवढं बोलले असतील असं मला वाटलं नव्हतं.

३० ऑगस्ट

गणपतीची गडबड. तक्ता पुन्हा काढला. चौथा रकाना ओढला: 'आबांचं.' मूठ: सुताराची. फिनिश: गेलं. नंबर: तिन्ही जुळतात. शेरा: काय लिहायचं सुचेना. रकाना मोकळाच ठेवला.

६ सप्टेंबर, शनिवार

धुळे. शेठना सांगितलं, तुमचं बेल्जियन नाशिकला देऊन टाका. माझ्या दुसऱ्या जागेवर आबांचं चढवायचं. अर्ज भरला. आणि खड्ड्यांना हात लावायचा नाही. रंग नको, पॉलिश नको, सुताराच्या पट्ट्यासुद्धा तशाच.

शेठनी चष्मा काढला. "भाऊ, दागी ठेवता आणि कोरं सोडता?"

म्हटलं, हो.

"धंद्यात असं गिऱ्हाईक एक असलं तरी बुडालो मी," म्हणाले, आणि चहा मागवला. मग स्वतःच म्हणाले की कागदपत्रं दसऱ्यापर्यंत होणार नाहीत, पण त्यांच्या दुकानात शस्त्रपूजा असतेच. "बहिणीला इथेच आणा."

अक्काला काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, दसऱ्याला धुळ्यापर्यंत ये, शेवटचं काय ते बोलू. ती म्हणाली, "येसू." आवाज लहान वाटला. एवढं गुपित मला पेलेल असं वाटत नाही. हेमांगीला सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत डोकावलो तर डोळे पुसत होती. कांदा नव्हता चिरायला.

२ ऑक्टोबर, दसरा

अक्का एसटीनं आली, मी आणि हेमांगी आधीच पोचलो होतो. नवी साडी, राखीला मी नेलेली. दुकानात काउंटरवर पांढरी चादर, त्यावर बंदुका ओळीनं, झेंडू, आपट्याची पानं. मध्ये आबांचं.

ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. "बठ्ठं पुसी टाकं का रे?"

म्हटलं, वरचं पुसलं. खालचं बघ.

तिनं बघितलं. एका एका खड्ड्यावरून बोट फिरवलं. मग वाटी ओढली, कुंकू कालवलं, या वेळीही सैलच. चार बोटं बुडवली. अभिमन शेठनी डोळे मिटून घेतले, त्यांच्यानं बघवेना. अक्कानं बोटं गोळा केली आणि दाबली. बरोबर बसली.

मग मी सांगितलं. विकत नाही. माझ्याकडे चढवतोय. दर दसऱ्याला जळगावला यायचं, आणि बोटं याच्यावरच लावायची. पुसेन मी दुसऱ्या दिवशी, तेल लावून ठेवेन, त्याची काळजी नको. तो कागद फाडून टाक.

अक्का माझ्याकडे बघेना. हेमांगीकडे बघत होती. हेमांगी झेंडूची फुलं मोजत होती.

"बरं," अक्का म्हणाली. आणि त्याच ओल्या हातानं माझ्या गालावरून हात फिरवला. शेठच्या दुकानातून एसटी स्टँडपर्यंत मी तसाच चालत गेलो. लोक बघत होते. बघू देत.

४ ऑक्टोबर

आज सकाळी हेमांगीनं पापडाच्या डब्यातून कागद काढून दिला. राखीच्या दिवशीच अक्कानं गोठ्याशी तिच्या हातात ठेवला होता. "दसरा व्हऊ दे, मंग दे त्याले."

'ना हरकत.' सही केलेली. तारीख ९ ऑगस्ट.

आधारवर, पेन्शनवर, सातबाऱ्यावर ती कोकिळा हिलाल बोरसे आहे. या कागदावर सही आहे: कोकिळा झुलाल पाटील. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली तिच्या.