बोर्डापुढे ताठ

४ नोव्हेंबर १९७४
पेन्शन बंद. पत्र आखाडा बाळापूरच्या पोस्टात हातोहात मिळाले. इंग्रजीत आहे. फौजेत शिकलो तेवढ्या इंग्रजीवर तीनदा वाचले. डाव्या पायाचे अपंगत्व आता वीस टक्क्यांच्या आत आले आहे, सबब यापुढे काही मिळणार नाही. मान्य नसेल तर सहा महिन्यांत अपील करावे.
पाय माझा, आणि तो बरा झाल्याचे मलाच पत्राने कळते!
घरी येऊन कौसल्येला सांगितले. ती रानातून आली होती, ओटीतला कापूस टोपलीत टाकता टाकता म्हणाली, "त्या दिशी काय करून आलात तुमी तिथं?" बायकोला सगळे आधीच कळते.

५ नोव्हेंबर
काय करून आलो ते इथे तरी लिहावे.
राशनाचा ट्रक घाटात उलटला, त्यात माझा गुडघा गेला, त्याला तीन वर्षे झाली. फौजेतून घरी पाठवले, दोन वर्षांची पेन्शन दिली, मग पुन्हा तपासणीला ऑगस्टात औरंगाबादच्या छावणीत बोलावले. बोर्ड म्हणजे तीन डॉक्टर, मधला कर्नल. आदल्या दिवशी तांब्यात निखारे घालून कपड्यांना इस्त्री केली. बूट असे घासले की तोंड दिसावे. गुडघा लटपटू नये म्हणून धोतराची पट्टी आवळून बांधली. काठी दाराबाहेर ठेवली. गावातून फौजेत गेलेला मी पहिला. अफसरापुढे लंगडत जाऊ?
चालून दाखवा म्हणाले. परेडसारखा चाललो. बसून उठा म्हणाले. दात आवळून उठलो. कर्नल हसून म्हणाला, "शाब्बास जवान!"
त्या शाब्बासकीवर येतानाचा अख्खा रस्ता गेला. वारंगा फाट्याला उतरलो तर गुडघा पँटीत मावेना.
डॉक्टरांनी जे पाहिले ते लिहिले. त्यांचे काय चुकले?

११ नोव्हेंबर
दादा आला होता. थोरला भाऊ. "येगळं राहून काय करता? या की घरला. तू आपला खाटंवर बस. तुला काय कमी पडू देतो व्हय मी?"
दादा मनाने चांगला, म्हणूनच जास्त राग येतो. पेन्शनच्या जोरावर हे दोन खणांचे घर वेगळे मांडले. भिंती कौ.ने स्वतः लिंपल्या. आता पुन्हा दादाच्या ओसरीवर गेलो तर जन्मभर खाटेवरचा भाऊ.
अपील करायचे.

२ डिसेंबर
कळमनुरी. तहसिलीसमोर लिंबाखाली युसूफमियाँ अर्जनवीस बसतात. निजामाच्या वेळी उर्दूत लिहायचे, आता मराठीत, अक्षर दोन्हीकडे मोत्यासारखे. त्यांनी अर्ज लिहून वाचून दाखवला. "मी एक गरीब, लाचार, हुजुरांच्या दयेवर जगणारा..."
"लाचार काढा."
"फौजी, लाचार न लिहिता अर्ज मंजूर झालेला मी तरी पाहिला नाही."
"मग नामंजूर होऊ द्या."
चढला आवाज माझा. चार माणसे वळून पाहू लागली. मियाँ मात्र शांत. कागद बाजूला ठेवून म्हणाले, "बराबर आहे. दया मागू नका. मग हकीकत लिहा. पण पूरी लिहा. आदमी आपली हकीकत नेहमी अर्धीच लिहितो."
बसमध्ये तेच डोक्यात.

९ डिसेंबर
स्वतः लिहायला बसलो. तीन ओळी झाल्या. "पाय दुखतो. चालण्यास तकलीफ होते. तरी सर्व कामे करतो."
कौ.ने वाचले आणि कपाळाला हात लावला. "हे शेवटचं काहून लिवलं?"
"खरं आहे ते."
"खरं हाय? मग बसा. मी सांगते, तुमी लिवा."
आणि सांगत सुटली. विहिरीच्या पायऱ्या उतरता येत न्हाईत, पानी मी आनते. विहारात वंदनेला समदे मांडी घालून बसतेत, हे मागं भितीला टेकून उभे, आन् कुनी इचारलं तर म्हनतेत, हवा लागू द्या जरा. (मला वाटे, हे कुणाच्या लक्षातच आले नाही.) डाव्या पायाची नखं मी काढते.
"हे नाही लिहिणार."
"लिवा."
लिहिले.
"औंदाच्या पावसाळ्यात हे चिखलात दोनदा पडले. घरी येऊन सांगितलं, बैलानं ढुसनी मारली."
पेन थांबला. म्हणाली, "बैल तवा दादाजींच्या गोठ्यात होता. म्या काय बोलले न्हाई."
तीन वर्षे माझे खोटे ही बाई गुपचूप सांभाळत होती. चौथी शिकलेली. पण सांगितले असे की एक शब्द खालीवर करावा लागला नाही, कुठे रडगाणे नाही. लाज वाटली. पण अभिमान त्याहून जास्त वाटला, आणि तो माझा मला नव्हे, तिचा.

१२ डिसेंबर
अपील रजिस्टर पोस्टाने रवाना. शेवटी माझ्या मनाने दोन ओळी घातल्या: "मागील तपासणीत हे सर्व मी लपवले. चूक माझी. तपासणी पुन्हा व्हावी."
आधी युसूफमियाँना दाखवले. चष्मा पुसून दोनदा वाचले. "यात मागितलं कुठंच नाही. नुसतं सांगितलंय." मग म्हणाले, "जाऊ द्या असंच."

२१ फेब्रुवारी १९७५
बोलावणे आले! ६ मार्च. पुन्हा छावणीत.
दुपारपर्यंत गावभर झाले. पारावरून जो तो सांगतो, "फौजी, ताठ जा बरं का! गावाचं नाव हाय." मागच्या खेपेलाही हेच सांगत होते. कौ. म्हणते, मी येते संगं. नको म्हणालो. तिने ऐकले नाही.

६ मार्च, परतीच्या बसमध्ये
अक्षर हलते आहे, रस्ता खराब.
कौ. बाहेर बाकावर बसली. मी काठी घेऊन आत. या खेपेला बोर्डात एक तरुण मेजर, अर्ज त्याच्या हातात. हिंदीत विचारत होता. "पालथी मार सकते हो?" म्हणजे मांडी घालून बसता येते का.
जिभेवर 'हाँ साब' आलेच होते. सवयच ती. मग सावधान उभा राहिलो आणि म्हणालो, "नहीं होता, साब."
एकदा तोंडातून गेले, मग पुढचे सोपे. नाही, तेवढे सोपे नव्हते. सीढी? नहीं होता. बोजा उठाके चलना? नहीं होता, साब. खाली बसून उठायला सांगितले. बसलो, आणि या खेपेला दात आवळले नाहीत. उठता आले नाही. फरशीवर तसाच राहिलो. मेजरने उठून येऊन हात पुढे केला. क्षणभर त्या हाताकडे नुसता पाहत होतो. मग धरला.
त्याने बरेच लिहिले. काय ते दिसले नाही. "शाब्बास" वगैरे काही म्हणाला नाही.
बाहेर आलो. कौ. उठून उभी. "काय म्हनले?"
"काही नाही. लिहून घेतलं."
"तुमी काय म्हनलात?"
"न्हाई जमत, म्हणालो."
"किती डाव?"
"सात."
बस जालन्याच्या पुढे आल्यावर खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "एवढं खरं तुमी माझ्यापाशी बी कधी बोलला न्हाईत."
निकाल पोस्टाने येईल म्हणाले. कधी, ते कुणी सांगितले नाही.